मेम्फिसमध्ये मिलिंद सलग गायला

मेम्फिसला जायचं ठरलं ते आमच्या कपाटात. सुरुवात विचित्र वाटेल, पण खरंच तसं झालं. डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या घरात बेडरूमला लागून कपडे ठेवायची एक खोलीवजा जागा आहे. तिथे माझ्या साड्या, नवऱ्याचे तीन सूट आणि एक माइक राहतो. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून तोच आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. नवरा म्हणजे मिलिंद. दिवसा एका टेलिकॉम कंपनीत नेटवर्क सांभाळतो आणि उरलेल्या वेळात मराठी गाणी रचून गातो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे लोकांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो.

दोन वर्षं खपून आम्ही त्या कपाटात मिलिंदच्या आठ गाण्यांची सीडी केली. पद्धत माझी होती. एक ओळ गायची, थांबायचं, मी मान हलवली की पुढची ओळ घ्यायची. नाही हलवली तर तीच पुन्हा. एकेका ओळीचे पंचवीस-तीस टेक व्हायचे आणि त्यातला सगळ्यात बरा ठेवायचा. इथपर्यंत मिलिंदला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की शनिवारी तो इंडियन ग्रोसरीला गेला की मी कॉम्प्युटर उघडायची आणि जिथे त्याचा सूर उतरलाय तिथे तो माऊसने उचलून जागेवर ठेवायची. आठही गाण्यांत मी हेच केलं. त्याला वाटायचं, या वयात आपला गळा सुधारला. मी म्हटलं, वाटू दे, माझं काय जातंय.

पण मग इथल्या मराठी मंडळाने ठरवलं की गणपतीत सीडीचं प्रकाशन करायचं आणि मिलिंदने स्टेजवर त्यातली चार गाणी प्रत्यक्ष गायची. चारशे लोकांसमोर. तो हरखला. सीडीतला मिलिंद आणि घरातला मिलिंद यांच्यात किती अंतर आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि ते त्याला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

त्यात आमच्या लग्नाचा पंधरावा वाढदिवस आला. मिलिंदला जुन्या सोल संगीताचं वेड आहे. साठ-सत्तरच्या दशकातलं हे इथल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, चर्चमध्ये गाता गाता बाहेर पडून प्रेमाबद्दल बोलू लागलेलं. अमेरिकेत आल्यावर ऑफिसला जाताना रेडिओवर त्याने ते ऐकलं आणि तेव्हापासून आमच्या गाडीत दुसरं काही वाजत नाही. त्याच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, की ही गाणी जिथे घडली त्या मेम्फिसमध्ये अर्ल नावाचे एक म्हातारे रेकॉर्डिंग इंजिनिअर आहेत. ते आणि त्यांचे जुने वादक अधूनमधून शनिवारी चार पाहुण्यांना बोलावून दाखवतात की त्या काळी गाणी कशी टेप व्हायची. हौस असेल तर तुम्हीही गायचं. कपाटात सूट सरकवत मिलिंद मला म्हणाला, ‘‘वृषाली, गिफ्ट वगैरे काही नको. आपण मेम्फिसला जाऊ यार.’’

नाही म्हणायला कारण सापडेना. २००६च्या मेमधला लाँग वीकेंड ठरला.

शुक्रवार: अर्विंग ते मेम्फिस

आधी कामाचं सांगते. अर्विंगहून मेम्फिस साधारण साडेचारशे मैल. डॅलस सोडलं की आय-थर्टी हा हायवे धरायचा, टेक्सारकानाला राज्य बदलतं, मग लिटल रॉक, आणि तिथून आय-फॉर्टीने थेट मेम्फिस. थांबतथांबत साडेआठ तास लागले. गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला पावणेतीन डॉलरच्या आसपास होता. लिटल रॉकनंतरचा रस्ता इतका खडबडीत आणि दोन्ही बाजूंनी इतके ट्रक, की चहाचा थर्मास मांडीवर धरून बसावं लागलं. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा होता, त्यामुळे जेवायला कुठे थांबलो नाही. तुम्हीही सकाळी सातला निघा, म्हणजे उजेडात पोचाल.

लेकीला, ईशाला, मैत्रिणीकडे सोडलं होतं. ती तेराची आहे. निघताना गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली, ‘‘बाबा, प्लीज डोन्ट सिंग देअर. दे आर रिअल म्युझिशियन्स.’’ मिलिंद खदखदून हसला. मी हसले नाही.

टेक्सारकाना येईपर्यंत त्याने आमची सीडी चार वेळा लावली. प्रेसमधून नमुन्याची एक प्रत आली होती. प्रत्येक गाणं संपलं की माझ्याकडे बघून विचारायचा, ‘‘कसं झालंय?’’ मी म्हणायची, ‘‘मस्त.’’ मला खिडकीतून उडी मारावीशी वाटत होती. शेवटी डोकं दुखतंय म्हणून मी आवाज बंद करायला लावला.

मग मिसिसिपी नदीवरचा पूल आला. मी आपली वैनगंगा, वर्धा बघितलेली बाई. एवढं पाणी एका पात्रात वाहतंय हे बघून मी सीटवरून पुढे सरकले. नदी मातकट, रुंद आणि इतकी संथ, की वाहतेय का थांबलीय तेच कळेना. पुलाच्या मध्यावर टेनेसी राज्याची पाटी येते, ती चुकवू नका.

मोटेल एकोणसाठ डॉलरचं, हायवेला लागून, स्वच्छ. सकाळचा नाश्ता त्यातच.

शनिवार: शहर, जेवण आणि ती खोली

सकाळी नदीकाठी फिरलो. शहराचा मधला भाग सुट्टी असूनही अर्धा रिकामा होता. दुकानांवर फळ्या ठोकलेल्या, आणि पलीकडच्याच गल्लीत पर्यटकांची झुंबड. मला वाटलं होतं, ज्या गावाने जगाला नाचवलं ते गाव जरा नटूनथटून बसलेलं असेल. तसलं काहीच नव्हतं. मिलिंद एका पडक्या भिंतीचेही फोटो काढत होता, मी उन्हाने वैतागले होते.

जेवणाबद्दल सांगितलंच पाहिजे. इथल्या साध्या खानावळीत एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या असं ताट मिळतं, आठ डॉलरच्या आत, मक्याच्या पावासकट. मी तळलेला कॅटफिश घेतला. तो इतका कुरकुरीत आणि झणझणीत होता, की नागपूरच्या माणसानेही मान डोलवावी. भाज्यांची यादी वाचून मात्र मी उडालेच. मॅकरोनी आणि चीज हे भाजीत! मी वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, ‘‘ही भाजी कशी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हनी, टेनेसीत ही भाजीच आहे.’’ चहा मागितला तर बर्फ घालून पाकासारखा गोड आला.

दुपारी दोनला अर्ल यांच्याकडे पोचलो. पत्ता मुद्दाम देत नाही. पाटी लावलेली नाही, आणि तोंडी ओळखीने आलेलेच लोक बरे असं त्यांचं म्हणणं. दोन तासांचे दीडशे डॉलर, टेपची प्रत त्यातच. बाहेरून ते बंद पडलेलं किराणा दुकान वाटतं, कारण ते एके काळी खरंच किराणा दुकान होतं. मी मनात काचेची चकाचक इमारत रंगवून गेले होते. दार उघडलं तर एक लांबट खोली, छताला डाग, भिंतींवर जुने गालिचे आणि चक्क गोधड्या ठोकलेल्या. मधोमध ड्रम, समोर ऑर्गन, बाजूला बेस गिटारची खुर्ची. एका कोपऱ्यात काचेआड बाथरूमएवढी खोली, त्यात टेपचं मशीन आणि अर्ल.

अर्ल सत्तरीचे, उंच, पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. ऑर्गनवर मिस बर्निस, बहुधा त्यांच्याच वयाच्या, डोक्यावर जांभळी हॅट. ड्रम आणि बेसवर दोन भाऊ होते, ते अख्ख्या दुपारी दहा शब्द बोलले असतील. अर्ल गोरे, बाकी तिघं कृष्णवर्णीय. मिस बर्निस यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडची एक बंद खानावळ दाखवली.

‘‘इथे आम्ही सगळे एका खोलीत वाजवायचो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि तिथे मला अर्लच्या टेबलाशी बसता यायचं नाही. मग तो मागच्या दाराने पुड्या बांधून आणायचा. आम्ही सगळे या ड्रमभोवती जमिनीवर बसून जेवायचो.’’

अर्ल नुसते ‘‘येस मॅम’’ म्हणाले आणि वायरी जोडत राहिले. ज्या गाण्यांवर मिलिंद गाडीत ताल धरतो ती गाणी अशा दुपारी झालेली असतील, हे माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

मग अर्ल यांनी काम समजावलं, आणि मला एकामागून एक धक्के बसायला लागले. मी विचारलं, गायकाची बंद खोली कुठे आहे? नाही म्हणाले. गायक इथेच, ड्रमसमोर उभा राहतो. हेडफोन? ‘‘तुम्हाला कान आहेत ना मॅम?’’ माइक किती? पाच. खोलीत प्रत्येक माइकला प्रत्येकाचा आवाज ऐकू येतो, तो तसाच टेपवर जातो. मग ट्रम्पेटवाला फार जोरात वाजवायला लागला तर कुठलं बटण कमी करायचं? अर्ल हसले आणि जमिनीवरच्या खडूच्या जुन्या खुणा दाखवल्या. ‘‘बटण नाही. त्याला दोन पावलं मागे जायला सांगायचं.’’

मी म्हटलं, ‘‘आणि एखाद्याचं चुकलं तर?’’

‘‘तर सगळ्यांनी पहिल्यापासून.’’

‘‘गाण्याच्या शेवटच्या मिनिटाला चुकलं तरी?’’

‘‘म्हणून तर शेवटच्या मिनिटाला सगळे एवढे जीव तोडून वाजवायचे,’’ मिस बर्निस म्हणाल्या.

नोटेशन लिहिलेलं नसायचं. गायक गाणं गुणगुणून दाखवायचा, मिस बर्निस ऑर्गनवर सूर धरायच्या, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना तोंडाने म्हणून दाखवायच्या की तुम्ही इथे हे वाजवा, आणि तासाभरात गाणं टेपवर. त्या काळची कितीतरी गाणी शेवटी हळूहळू विरत जातात ना, त्याचं मला नेहमी नवल वाटायचं. अर्ल म्हणाले, आमच्याकडे बहुतेक वेळा कुठे थांबायचं ते ठरलेलंच नसायचं. पोरं रंगात यायची, वाजवत राहायची. मी इथे बसून आवाज हळूहळू उतरवायचो.

त्यांनी कपाटातून एक जुनी टेप काढून लावली. कुणा अनाम गायकाची, कधी बाजारात न आलेली. दुसऱ्या कडव्यात खुर्ची करकरली. कुणीतरी मागून ‘‘हो, हो!’’ ओरडलं. गायकाचा आवाज एका जागी फाटला, आणि तिथेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टेस्टर म्हणून मी त्या अडीच मिनिटांत नऊ चुका मोजल्या. बायको म्हणून मी घाबरले, कारण मिलिंद सरसावून बाह्या वर करत होता.

‘‘मी माझं गाणं म्हणू?’’ त्याने विचारलं. ‘‘ते मराठीत आहे. ती आमची भाषा.’’

‘‘सुराला व्हिसा लागत नाही,’’ मिस बर्निस म्हणाल्या. ‘‘गुणगुण बघू.’’

मी घाईघाईने म्हटलं, ‘‘अरे, आपण नुसतं बघायला आलोय ना?’’ पण त्याने तोवर सूर लावला होता. सीडीतलं तिसरं गाणं, ‘वळणावरती उभा राहिलो, वाट पुढे गेली’. यवतमाळहून पहिल्यांदा पुण्याला निघाला तेव्हाच्या आठवणीवर त्याने ते लिहिलंय. मिस बर्निस यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा ऑर्गनवर असे काही सूर त्याच्याखाली अंथरले, की ते गाणं मिसिसिपीकाठीच लिहिलंय असं वाटावं. ड्रमवाल्या भावाने काठ्या आपटून चार मोजले. मला ऑर्गनच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं, माइकपासून पाचेक फुटांवर.

मिलिंदने पहिली ओळ गायली आणि थांबला.

वादक दोन मात्रा पुढे गेले आणि अडखळून बंद पडले. ‘‘काय झालं?’’ अर्ल यांनी काचेआडून विचारलं. मिलिंद गोंधळला. ‘‘सॉरी.’’ पुन्हा चार मोजले, पुन्हा पहिली ओळ, आणि पुन्हा हा थांबून माझ्याकडे बघतोय. तिसऱ्यांदाही तेच. दोन वर्षं कपाटात एक ओळ गायची, थांबायचं, बायकोची मान हलायची वाट बघायची, हे त्याच्या इतकं हाडीमाशी भिनलं होतं, की त्याला स्वतःचं गाणं सलग गाता येत नव्हतं. ते गाणं त्याने आयुष्यात एकदाही अथपासून इतिपर्यंत म्हटलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी त्याचे तुकडे केले होते आणि सांधल्यावर ते अखंड दिसायला लागलं होतं, एवढंच.

चौथ्या वेळी तो पुढे गेला, पण कडव्याच्या मध्यात श्वास संपला. कुठे श्वास घ्यायचा ते त्याने कधी ठरवलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. ड्रमवाला भाऊ पहिल्यांदा बोलला, ‘‘मी झांज मारली की घे.’’

पाचव्या वेळी मिलिंद शेवटपर्यंत गायला. पहिलं कडवं खणखणीत झालं, त्याचा हात आपसूक हवेत उठला. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला सूर चांगलाच उतरला. मग तो कसाबसा सावरला, आणि तिसरं कडवं म्हणून थांबला. ऑर्गनचा शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळे हसले, बेसवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘हेच ठेवायचं,’’ अर्ल म्हणाले. मिलिंदचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता.

आम्ही सगळे काचेच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो आणि अर्ल यांनी टेप लावली.

पहिल्या कडव्यालाच मिलिंदचं हसू जरा थबकलं. त्याला वाटत होतं त्या आवाजाऐवजी हा दुसराच, जाडसर, थोडा खरखरीत आवाज होता. तो मशीनकडे संशयाने बघायला लागला. मग दुसरं कडवं आलं, तिसरी ओळ, सूर घसरला. आणि त्याच्या पाठोपाठ, लख्ख, ड्रमच्याही वर, एक आवाज आला.

‘‘च्च.’’

माझा आवाज होता तो. भाजी करपली की काढते तो. मी तो काढलेला मला आठवतही नव्हता. पण त्याहून भयंकर पुढचं होतं. त्या ‘च्च’नंतर मिलिंदचा आवाज बदलला होता. इतका वेळ मोकळा चाललेला गळा एकदम आखडला होता, घाबरून भिंतीला चिकटलेल्या माणसासारखा. तिसरं कडवं तो गायला नव्हता, त्याने ते उरकलं होतं. खोलीत असताना यातलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

‘‘ते काढता येईल का?’’ मी अर्ल यांना विचारलं.

‘‘नाही मॅम. ते पाचही माइकमध्ये आहे. ते काढायचं तर ऑर्गन जाईल, ड्रम जाईल, तोही जाईल.’’

मी मिलिंदकडे वळले आणि म्हटलं, ‘‘सॉरी रे, मला कळलंच नाही.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘त्यात काय? हे मी रोज ऐकतो.’’

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

‘‘वृषाली, हे गाणं सीडीवर असं नाहीये. ही ओळ तिथे अशी उतरत नाही. का?’’

चौघं अनोळखी माणसं आमच्याकडे बघत होती. मराठी एकालाही येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना बरोबर कळत असावं, कारण अर्ल यांनी टेप बंद केली. मी सांगितलं. सूर मी वर ढकलले. कॉम्प्युटरवर. तू ग्रोसरीला गेलास की.

‘‘किती गाण्यांत?’’

‘‘सगळ्या.’’

‘‘मग मूळ टेक दे मला. मी ऐकतो मी कसा गातो ते.’’

‘‘पुसले मी ते,’’ मी म्हटलं. ‘‘फायनल झाल्यावर. डिस्कवर जागा नव्हती.’’

ऑफिसात आम्ही हेच करतो. तपासून पास झालं की मधलं सगळं उडवायचं. दोन वर्षांचा माझ्या नवऱ्याचा गळा मी असाच उडवला होता, आणि हे मला त्या क्षणापर्यंत चुकीचंही वाटलं नव्हतं. जगात त्याचा खरा आवाज आता फक्त त्या एका टेपवर होता, आणि तिथेही मी मध्ये बोलले होते.

मिलिंदने सगळ्यांशी हात मिळवले, थँक्यू म्हणाला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी पर्स शोधत रेंगाळले. मिस बर्निस यांनी माझा दंड धरला.

‘‘तो वाईट गात नाही, बेबी. पण एका खोलीत वाजवायचं म्हणजे सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं असतं. तो आमच्याकडे एकदाही बघत नव्हता. सारखा तुझ्याकडेच बघत होता.’’

अर्ल यांनी टेपवरून करून दिलेली सीडी माझ्या हातात ठेवली. त्यावर पेन्सिलीने नुसतं ‘टेक फाइव्ह’ लिहिलं होतं.

रविवार: परत

आमचा बेत सोमवारी निघायचा होता. रविवारी सकाळीच निघालो. त्यामुळे मेम्फिसमध्ये बाकी काय काय बघायचं ते मी सांगू शकत नाही, त्याबद्दल माफी असावी. परतीच्या वाटेवर लिटल रॉकच्या अलीकडे पीचेस विकणारी एक टपरी आहे, तिथे थांबा. आम्ही थांबलो, पण खाल्ले नाहीत.

गाडीत काही वाजत नव्हतं. टेक्सारकाना ओलांडल्यावर मिलिंदने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, ‘‘अजून काय काय दुरुस्त केलंयस?’’

मी म्हणणार होते, काही नाही. पण खोटं बोलायला त्राण उरलं नव्हतं. मी सांगत गेले. तुझ्या बॉसला जाणारी मेल्स तू मला बघायला देतोस, ती मी नव्याने लिहिते. तुझ्या आईला फोनवर तू जे बोलतोस त्यावर मी दुसऱ्या दिवशी फोन करून सारवासारव करते. ईशाच्या शाळेत तू जे बोललास ते मी नंतर टीचरला वेगळं करून सांगितलं. बोलता बोलता माझी मीच चक्रावले. मला ही सगळी मदत वाटत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गाडी चालवत राहिला.

घरी

सोमवारी त्याने मंडळाच्या अध्यक्षांना, देशमुख काकांना, फोन केला. मी शेजारीच होते. ‘‘काका, प्रकाशन कॅन्सल करूया. ती सीडी माझी नाहीये.’’ काकांना वाटलं कुणाची चाल चोरलीय की काय. ते समजावत राहिले, मिलिंद फक्त ‘‘नाही काका’’ म्हणत राहिला. सीडीचे खोके प्रेसमधून आले ते सरळ गराजमध्ये गेले.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. मिलिंद गायचा बंद झाला. आंघोळीला नाही, गाडीत नाही, भांडी घासताना नाही. पंधरा वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हा माणूस दिवसभर काहीतरी गुणगुणत असतो. ते गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. ईशाने मला विचारलं, ‘‘आई, व्हाय इज बाबा सो क्वाएट? डिड समबडी डाय?’’ बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडले. जून गेला, जुलैही अर्धा गेला.

प्रवासातून काय उरलं असं कुणी विचारलं तर मी आधी टेक फाइव्ह म्हणेन. तो अजूनही मी एकटी असताना ऐकते. त्या ‘च्च’पाशी दर वेळी मान खाली जाते, पण पहिलं कडवं मात्र, खरं सांगते, सीडीतल्या आठही गाण्यांत तसं काही नाही. तिथे तो कुणाला विचारून गात नाहीये. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, आणि बरोबर आपलं माणूस असेल तर त्याला गाऊ द्या. फक्त आपण कुठे बसतोय ते बघा.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. मिलिंद मागच्या अंगणात गवत कापायचं मशीन साफ करत होता. आणि खिडकीतून आवाज आला. ‘वळणावरती उभा राहिलो.’ मी गॅस बंद केला. तो गात गेला. पहिलं कडवं, मग दुसरं. तिसऱ्या ओळीला सूर उतरला, चौथीला पुन्हा उतरला. मी जीभ दातांखाली धरून उभी होते. तो थांबला नाही. तिसरं कडवं त्याच्या गळ्यातून मोकळेपणाने निघालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग तो आत आला, सिंकवर ग्रीसचे हात धुतले आणि पाठमोऱ्यानेच विचारलं, ‘‘कसं झालं?’’

‘मस्त’ म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, ‘‘दोन ठिकाणी उतरलास.’’

तो वळला. मला वाटलं, संपलं आता, पुन्हा हा गाणार नाही. त्याने टॉवेलला हात पुसले.

‘‘माहीतेय मला,’’ तो म्हणाला. ‘‘आता परत ऐक.’’

आणि तिथेच सिंकपाशी उभा राहून त्याने गाणं पहिल्या ओळीपासून सुरू केलं.